गुडघ्यामागची गाठ: सुई, स्टेंट की सुरी?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. ह्यांचं वय ४४. सिगारेट कधी ओढली नाही, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. रोज पाच-सहा किलोमीटर चालायची सवय. चार महिन्यांपूर्वी चालताना एकाएकी उजव्या पोटरीत गोळा आला. तेव्हापासून दोनशे पावलं झाली की थांबावंच लागतं. मधे तीन आठवडे आपोआप बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आधी मणक्याचा एमआरआय झाला, तो चांगला निघाला. मग कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला. त्यात गुडघ्यामागच्या धमनीला ‘सिस्टिक अ‍ॅडव्हेंटिशियल डिसीज’ असल्याचं लिहून आलं. तीन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले, सुईने पाणी काढू. दुसरे म्हणाले, फुग्याने वाट मोकळी करून स्टेंट बसवू, दुसऱ्या दिवशी घरी. तिसरे म्हणाले, शस्त्रक्रिया करून धमनीचा खराब तुकडा काढू आणि पायातलीच शीर तिथे जोडू. ह्यांचा कल सुईकडे आहे. तिसऱ्या डॉक्टरांचं ऐकून माझ्या पोटात गोळा आला, पण सर्वांत जास्त वेळ देऊन त्यांनीच समजावलं. आम्ही कुणाचं ऐकावं?

– एक वाचक

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ ओढली: ‘मधे तीन आठवडे आपोआप बरं वाटलं.’ या ओळीकडे मी परत येईन, कारण सुईच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात दडलेलं आहे.

आधी तुमच्या मनातली गाठ सोडवू. (शब्द सहज आला, पण राहू दे.) तीन डॉक्टर तीन गोष्टी सांगतात तेव्हा घरच्यांना वाटतं, यातला एकच खरा आणि बाकीचे दोघे लुबाडणारे. इथे तसं नाही. हा आजार इतका विरळा आहे की रक्तवाहिन्यांच्या सर्जनलाही उभ्या कारकिर्दीत त्याचे मोजकेच रुग्ण भेटतात. चालताना पोटरी धरते म्हणून येणाऱ्या साधारण १२०० रुग्णांमागे एक, असा अंदाज पाठ्यपुस्तकांत देतात. जे क्वचित दिसतं त्यावर माणूस आपल्या नेहमीच्या हत्याराने काम करू बघतो. ज्याचा हात सुईवर बसलेला आहे त्याला सुई सुचते, जो रोज स्टेंट घालतो त्याला स्टेंट. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तुम्हाला निवडायचा आहे तो उपाय या आजाराच्या स्वभावाला धरून असला पाहिजे, आणि त्यासाठी तो स्वभाव तुम्हा दोघांना नीट कळला पाहिजे.

पायाच्या धमन्या अरुंद होतात हे आपण नेहमी ऐकतो. बहुतेकांच्या बाबतीत ते वय, तंबाखू, मधुमेह आणि चरबीमुळे होतं. नळात आतून गाळ धरावा तशी धमनीच्या अस्तरावर चरबीची आणि चुन्याची पुटं चढतात. ह्यांच्या पायात तसं काही झालेलं नाही. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात: आतलं गुळगुळीत अस्तर, मधला स्नायूंचा थर आणि बाहेरचं वेष्टण. या आजारात त्या बाहेरच्या वेष्टणात, भिंतीच्या जाडीतच, जेलीसारखा चिकट द्रव साठतो आणि त्याची पिशवी तयार होते. बाहेर पसरायला जागा कमी, म्हणून ती आतल्या बाजूला फुगते आणि रक्ताची वाट चेपते. रंगाच्या थराखाली पाणी शिरून भिंतीला फुगा येतो ना, तसं, फक्त हा फुगा खोलीच्या आत येऊन दरवाजा अडवणारा. अस्तर बहुधा शाबूत असतं. नळ तुंबलेला नाही, नळाची भिंत सुजली आहे. एवढं वाक्य लक्षात ठेवलंत तर पुढचं निम्मं आपोआप कळेल.

पुरुषांमध्ये हा आजार बायकांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि तोही बहुतेक चाळिशीच्या आसपास, धडधाकट, व्यसन नसलेल्या माणसांत. दहांतल्या आठांहून अधिक वेळा तो गुडघ्यामागच्या लवणीतल्या धमनीलाच गाठतो. गंमत म्हणजे १९४७ मध्ये अ‍ॅटकिन्स आणि की या दोघांनी त्याची पहिली नोंद केली ती मात्र ओटीपोटातून मांडीकडे उतरणाऱ्या धमनीतली होती. गुडघ्यामागचा पहिला रुग्ण १९५४ मध्ये स्वीडनच्या एयरूप आणि हिएर्टोन यांनी प्रसिद्ध केला, आणि त्यांनी तेव्हाच शिरेचा तुकडा जोडून तो पाय बरा केला होता. तिसऱ्या डॉक्टरांचा उपाय नवा किंवा धाडसी नाही हे कळावं म्हणून सांगितलं. या जागेच्या या दुखण्यावरचा तो सर्वांत जुना उपाय आहे.

मणक्याचा एमआरआय वाया गेला असं मानू नका. चालताना पाय धरण्याचं ते एक मोठं कारण असतंच. फरक एवढाच की मणक्याच्या दुखण्यात माणसाला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं तेव्हा बरं वाटतं, धमनीच्या दुखण्यात नुसतं उभं राहिलं तरी गोळा सुटतो. या विशिष्ट आजारात तो सुटायला जरा जास्तच वेळ लागतो, अनेक रुग्ण तसं सांगतात. विचारून बघा ह्यांना.

निदान पक्कं आहे ना, ही मात्र एकदा खात्री करून घ्या. गुडघ्यामागे तरुण माणसाची धमनी दाबली जाण्याचं दुसरं एक कारण आहे: पोटरीचा स्नायू जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेला असतो आणि धमनी त्याच्या कात्रीत सापडते. त्याची शस्त्रक्रिया वेगळी, आणि तो प्रकार बऱ्याचदा दोन्ही पायांत असतो. ह्यांच्या आजारात दुसरा पाय सहसा निर्धोक असतो. दोहोंतला फरक ओळखायची एक साधी खूण आहे. स्नायूच्या कात्रीत पाऊल जोरात खाली ताणलं की घोट्याजवळची नाडी जाते. जेलीच्या पिशवीत गुडघा पूर्ण दुमडला की नाडी जाते. ही दुसरी खूण इशिकावा यांनी १९६१ मध्ये सांगितली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखतात. फुकटची तपासणी, दोन बोटांत होते, आणि तरी राहून जाते. माझी तक्रार आहे ती याच गोष्टीची. आपण सगळे यंत्राकडे धावतो.

कलर डॉपलरवर पिशवी काळी दिसते आणि तिच्यात रक्त वाहताना दिसत नाही. पण शस्त्रक्रियेचा नकाशा काढायला गुडघ्याचा एमआरआय लागतो. त्यात द्रव पांढराशुभ्र चमकतो, पिशवी किती लांब पसरली आहे ते कळतं, आणि मुख्य म्हणजे ती गुडघ्याच्या सांध्याशी एखाद्या बारीक नळीने जोडलेली आहे का हे शोधता येतं. धमनीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या चित्रात गुळगुळीत वाकलेली, वाकड्या तलवारीसारखी निमुळती वाट दिसते आणि तिच्या वर-खाली धमनी अगदी स्वच्छ. तसं चित्र बघितलं की सर्जनला आनंद होतो. रुग्णाला तो विचित्र वाटेल, पण स्वच्छ धमनी म्हणजे जोडकामाला दोन्ही टोकं चांगली मिळणार.

आता दुसऱ्या डॉक्टरांचा स्टेंट. तो मी सर्वांत आधी बाजूला ठेवते. फुग्याने वाट रुंदावायची ती कशाला? आत साचलेलं भिंतीला दाबून बसवायला. इथे आत काही साचलेलंच नाही. फुगा फुगवला की जेली क्षणभर बाजूला सरते, फुगा काढला की परत येते. आणि वाटेत ह्यांच्या अस्तराला, जे आजवर ठणठणीत आहे, ओरखडे पडतात. स्टेंट ठेवला तर तो बाहेरून दाबणाऱ्या पिशवीशी अहोरात्र झुंजत राहणार. त्यातून जागा कोणती, तर गुडघ्याचा सांधा. माणूस दिवसातून शेकडो वेळा गुडघा वाकवतो. तिथली धातूची जाळी वाकून वाकून मोडते हे साध्या चरबीच्या अडथळ्यांतही दिसून आलं आहे, म्हणूनच तो भाग स्टेंटसाठी नावडता मानतात. चव्वेचाळीस वर्षांच्या चालणाऱ्या माणसाच्या गुडघ्यामागे मी ती जाळी ठेवणार नाही. तुरळक यश नोंदलं गेलं आहे, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं हा उपाय निवडण्याचा निकष होऊ शकत नाही.

सुईबद्दल बोलताना मला स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशीच एक गाठ माझ्यासमोर आली. माणूस तरुण, शस्त्रक्रियेला घाबरलेला, आणि मीही नवी. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जाड सुई घातली. द्रव इतका घट्ट की सिरिंजचा दांडा ओढता ओढता अंगठा दुखला. तरी थोडा निघाला, धमनी मोकळी दिसली, पायाची नाडी टणटणीत लागली. त्याने माझे हात धरले आणि मी दोन दिवस हवेत होते. पाचव्या महिन्यात तो परत आला, तशीच पोटरी धरून. पिशवी पुन्हा भरली होती.

त्या पिशवीत पाणी येतं कुठून हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नव्हतं. हा प्रश्न अजून शंभर टक्के सुटलेला नाही. कुणी वारंवार होणाऱ्या बारीक इजांना दोष देतं, कुणी म्हणतं की गर्भात असताना सांध्याच्या ऊतीचे कण धमनीच्या भिंतीत अडकून राहतात आणि मोठेपणी पाझरू लागतात. पण ज्या विचाराच्या बाजूने मला सर्वांत जास्त पुरावा दिसतो तो असा: द्रव गुडघ्याच्या सांध्यातूनच येतो. मुख्य धमनीपासून एक बारीक फांदी सांध्याच्या पोटात शिरते. सांध्याच्या आवरणाला कुठे चीर पडली की आतलं वंगण त्या फांदीच्या वेष्टणाच्या आधाराने उलटं सरकत मुख्य धमनीच्या भिंतीत येऊन बसतं. मनगटावर जी मऊ गाठ येते, गँग्लियन म्हणतात ती, तिची आणि हिची जात एकच. आतला द्रवही तसाच.

आता ती पेन्सिलीची रेघ. तीन आठवडे बरं वाटलं, कारण बहुधा पिशवीतला दाब कमी झाला होता. थोडा द्रव सांध्याकडे परत गेला असेल किंवा आतल्या आत फुटून पसरला असेल. मग गुडघ्याच्या हालचालीने तो पुन्हा भरला. म्हणजे ह्यांच्या पिशवीला नळ जोडलेला असण्याची शक्यता चांगलीच आहे. अशा टाकीतलं पाणी सुईने उपसून काय साधणार? शिवाय सुई पिशवीचं अस्तर तिथेच सोडते, आणि द्रव अनेक कप्प्यांत वाटलेला असेल तर सगळ्या कप्प्यांपर्यंत पोचतही नाही. सुईनंतर दुखणं परत येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा बरंच जास्त आहे, यावर फारसं दुमत नाही. ज्याला दुसऱ्या कारणाने भूल देणं धोक्याचं आहे, किंवा ज्याला चार-सहा महिने काढायचेच आहेत, त्याच्यासाठी मी सुईला नाही म्हणत नाही. ह्यांच्यासाठी म्हणते. मात्र ह्यांनी सगळं समजून घेऊन, परत येईल हे धरून चालून एकदा प्रयत्न करायचाच म्हटलं, तर तो मूर्खपणा ठरणार नाही. सुई करून नंतर शस्त्रक्रिया करता येते. स्टेंट घालून नंतर करायची म्हणजे मोडलेलं निस्तरण्यापासून सुरुवात.

राहिली शस्त्रक्रिया. तुमच्या पत्रात ती एकच असल्यासारखी आली आहे. त्या दोन आहेत, आणि यांतली कोणती हे ठरवणारा मुद्दा तुम्ही लिहिलेलाच नाही: धमनी अजून वाहती आहे की बंद पडली आहे? डॉपलरच्या अहवालात ते नक्की असेल. आधी तो कागद काढा आणि ती ओळ शोधा.

धमनी वाहती असेल तर पहिला मार्ग असा की धमनी वाचवायची आणि फक्त पिशवी काढायची. बाहेरचं वेष्टण उभं चिरतात, जेली बाहेर येते (पिवळट, कधी लालसर, जॅमसारखी), आणि मग पिशवीचं अस्तर मधल्या थरापासून सोलून काढतात. हे सोलणं नाजूक. संत्र्याच्या फोडीवरची पातळ साल काढताना आतला रस सांडू द्यायचा नाही, तेवढी बोटं हलकी लागतात. जमलं तर रुग्णाची स्वतःची धमनी, स्वतःच्या अस्तरासह, जागच्या जागी राहते. कुठलंही जोडकाम नाही. जोड नाही म्हणजे पुढे जोडाशी धमनी आवळायची भीतीही नाही. चाळिशीतल्या माणसाला अजून तीसचाळीस वर्षं त्या पायावर चालायचं असतं, म्हणून हा विचार मला महत्त्वाचा वाटतो. उणी बाजू अशी की एखादा कप्पा नजरेतून सुटला किंवा सांध्याकडची नळी तशीच राहिली तर पिशवी परत भरू शकते.

दुसरा मार्ग तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांचा. खराब झालेला तुकडा वरून-खालून कापून सबंध काढायचा आणि त्या जागी पायातली शीर शिवायची. पिशवी ज्या भिंतीत होती ती भिंतच गेली, त्यामुळे परत येण्याचं प्रमाण यात सर्वांत कमी. धमनी बंद पडली असेल, आत गुठळी झाली असेल, किंवा पिशवी सोलल्यावर मधला थर इतका पातळ उरला असेल की पुढे तो फुगायची धास्ती वाटावी, तर हाच मार्ग. इथे निवडीला जागा राहत नाही.

म्हणजे बंद धमनीला तुकडा बदलणं. वाहत्या धमनीला आधी पिशवी सोलून बघणं, आणि टेबलावर भिंत पाहून गरज वाटली तर तुकडा बदलणं. माझं मत विचाराल तर हे. वाहत्या धमनीतही थेट तुकडाच बदलावा असं मानणारे चांगले सर्जन आहेत. एकदाच करा आणि निश्चिंत व्हा, हा त्यांचा हिशोब. मला तो चुकीचा वाटत नाही, फक्त माझा कल दुसरीकडे आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा की त्यांनी बदलण्याचा निर्णय का घेतला. धमनी बंद आहे म्हणून, की पद्धत म्हणून? उत्तर कुठलंही असो, ते त्यांच्याकडे तयार असलं पाहिजे.

दोन्ही मार्गांत एक काम समान आहे आणि तेच बऱ्याचदा विसरलं जातं: सांध्याकडे जाणारी ती बारीक फांदी शोधून बांधून टाकणं. नळ बंद केल्याशिवाय टाकी काढण्यात अर्थ नाही. माझ्या त्या रुग्णावर शेवटी एका ज्येष्ठ सर्जनांनी शस्त्रक्रिया केली, मी समोर उभी राहून मदत केली. पिशवी उघडण्याआधी त्यांनी तासभर फक्त ती फांदी शोधण्यात घालवला. दोऱ्याएवढी होती. दाबल्यावर तिच्यातून जेलीचा थेंब आला तेव्हा ते काही बोलले नाहीत, माझ्याकडे नुसतं पाहिलं. सुई मीच घातली होती हे त्यांना माहीत होतं.

चीर कुठे देतात याची तुम्हाला काळजी असेल. पालथं झोपवून लवणीवर नागमोडी चीर देतात. सरळ उभी दिली तर व्रण आखडून गुडघा सरळ होत नाही, म्हणून ती वळणं. या वाटेने धमनी समोर येते आणि सांध्याकडची फांदीही दिसते. गुडघ्याच्या आतल्या बाजूनेही जाता येतं, पण ती वाट लांबलचक अडथळा ओलांडून बायपास करायला बरी. या आजाराला मागची सरस. त्या खळगीत मोठी नस (संवेदना नेणारा मज्जातंतू) आणि मोठी नीला (रक्त परत नेणारी शीर) धमनीला बिलगून असतात. त्यांना बाजूला सारताना ताण पडला तर पोटरीत किंवा तळव्याला काही काळ बधिरपणा, मुंग्या येतात. बहुधा हळूहळू जातात. पावलाला आठवडेच्या आठवडे सूज राहू शकते, संध्याकाळी जास्त. नीलेत गुठळी होऊ नये म्हणून लवकर चालवतात, बहुतेक दुसऱ्याच दिवशी. जखमेत पू होणं, रक्त साकळणं हे कुठल्याही शस्त्रक्रियेसारखं इथेही संभवतं. तुकडा बदलला असेल तर शिवलेली शीर बंद पडण्याचा धोका असतो आणि तो पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जास्त. म्हणून ठरावीक अंतराने डॉपलर करत राहतात आणि रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी देतात. फक्त पिशवी काढली असेल तरी डॉपलर चुकवायचा नाही, कारण तिथे नजर ठेवायची ती पिशवी परत भरतेय का यावर.

शीर त्याच पायाची वापरतात की दुसऱ्या, हे आधी सोनोग्राफीने मोजून ठरतं. तुकडा लहान असल्यामुळे फार लांब शीर लागत नाही. ती काढल्याने पायाचं काही अडत नाही, रक्त परत न्यायला खोलवरच्या शिरा समर्थ असतात. कुणी कृत्रिम नळी वापरू म्हणालं तर का ते विचारा. गुडघा ओलांडणाऱ्या जागी स्वतःची शीर कृत्रिम नळीपेक्षा जास्त काळ टिकते. चांगली शीर उपलब्ध असताना नळीला जायचं कारण मला दिसत नाही.

काहीच न करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ह्यांच्या मनात ते असेल. आपोआप पूर्ण बरे झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत, अगदी मोजके. त्रास किरकोळ असता, किलोमीटरभर चालल्यावर जरासं जाणवतं इतपत, तर तीन-तीन महिन्यांनी डॉपलर करत वाट बघा म्हणाले असते. दोनशे पावलांवर थांबणारा माणूस त्या गटात बसत नाही. भीती अशी की चेपलेल्या वाटेत एक दिवस गुठळी होते आणि धमनी बंद पडते. मग आज उपलब्ध असलेला धमनी वाचवण्याचा मार्ग हातातून जातो. म्हणून धावपळ नको, पण वर्षभर रेंगाळूही नका. काही आठवड्यांत ठरवा.

शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. पाय एकाएकी खूप दुखू लागला, पांढरा किंवा निळसर पडला, हाताला गार लागला, बधिर झाला किंवा बोटं हलेनात, तर धमनी बंद पडली असं समजून थेट रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जायचं. चोळत, शेकत, सकाळची वाट बघत बसायचं नाही. स्नायू आणि नसा रक्तावाचून साधारण सहा तास तग धरतात. त्यानंतरचं नुकसान भरून येत नाही.

नाडी बघायला तुम्ही स्वतः शिका. आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागे दोन बोटं हलकेच ठेवा, आधी ह्यांच्या चांगल्या पायावर, मग दुखऱ्या. पावलाच्या वरच्या बाजूलाही एक नाडी असते, पण ती काही निरोगी माणसांतही लागत नाही, तिच्यावर भिस्त ठेवू नका. बसल्या जागी दुखऱ्या पायाची नाडी लागली म्हणून हुरळून जाऊ नका. याच आजारात ती विश्रांतीत नीट लागते आणि चालल्यावर किंवा गुडघा दुमडल्यावर गायब होते. घोट्याचा रक्तदाब मोजतात तेव्हाही विश्रांतीत, आडवं झोपवून मोजलेला आकडा सामान्य येऊ शकतो. हाताच्या दाबाशी घोट्याच्या दाबाचं गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर ते आजारी मानतात, पण ह्यांचा आकडा चालण्याआधी आणि चालवून लगेच, असा दोनदा घ्यायला सांगा.

तिसऱ्या डॉक्टरांकडे परत जा. या आजाराच्या किती शस्त्रक्रिया केल्या, हा प्रश्न त्यांना विचारू नका. प्रामाणिक उत्तर एक किंवा दोन असेल आणि तुम्ही विनाकारण घाबराल. गुडघ्यामागच्या धमनीवर एकूण किती केल्या ते विचारा. एमआरआयमध्ये सांध्याकडची नळी दिसते का, ती बांधणार का, मागून जाणार की बाजूने, पिशवी सोलता आली तर धमनी ठेवणार का, आणि भिंत पातळ निघाली तर शीर तयार असेल का, हेही विचारा. ज्यांनी एवढा वेळ देऊन समजावलं त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही. आला तर तेही कळलेलं बरं.

ह्यांना सांगा, माझ्या सुईच्या त्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर मी बरीच वर्षं तपासत होते. लवणीत एक नागमोडी व्रण आहे आणि टाचेच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. शेवटचा आला तेव्हा माझ्या खोलीपर्यंत जिना चढून आला होता, लिफ्ट चालू असताना.

आणि जाताना गुडघ्याच्या एमआरआयची सीडी बरोबर न्या. नुसता छापील अहवाल नेऊ नका. ती बारीक नळी सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी शोधावी लागते, आणि अहवाल लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल तर त्याने ती पाहिलेलीही नसेल.